अवकाशीय डेटाबेस विस्ताराचे अद्ययावतीकरण आणि त्यातील अडचणी : पोस्टजीआयएसच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. २००१ ते २०२०)

प्रस्तावना

रस्ते, नद्या, वस्त्या, शेतजमिनी आणि प्रशासकीय सीमा यांची माहिती कागदी नकाशावरून संगणकात आली, तेव्हा नकाशाचे आयुष्य मोजण्याची पद्धतही बदलली. कागदी नकाशा जीर्ण होतो, फाटतो, त्याला वाळवी लागते. परंतु शंभर वर्षांनंतरही तो उघडला असता डोळ्यांना दिसतो. संगणकातील नकाशा जीर्ण होत नाही, मात्र तो वाचणारी प्रणाली बदलत राहते. प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि जुनी माहिती तिच्या स्वाधीन करताना काही चुकले, तर माहिती जागेवर असूनही वाचता येत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीची वाचली जाते. त्यामुळे आवृत्तीबदल ही केवळ तंत्रज्ञांची बाब राहत नाही, तर तो अभिलेखांच्या सातत्याचा प्रश्न ठरतो.

पोस्टजीआयएस हा पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेस प्रणालीला जोडला जाणारा अवकाशीय विस्तार आहे. बिंदू, रेषा, बहुभुज यांसारख्या भूमितीय आकृत्या डेटाबेसच्या तक्त्यात साठविणे, त्यांतील अंतर, क्षेत्रफळ व छेद काढणे ही कार्ये त्यामुळे शक्य होतात. भूगोल, नगररचना, पर्यावरणशास्त्र, पुरातत्त्व अशा अनेक ज्ञानशाखांत त्याचा वापर होतो. प्रस्तुत शोधनिबंधात या विस्ताराच्या अद्ययावतीकरणातील अडचणींचा इतिहास मांडण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१. पोस्टजीआयसच्या अद्ययावतीकरणात वारंवार उद्भवलेल्या अडचणींची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२. त्या अडचणींवर वेळोवेळी काढण्यात आलेल्या उपायांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. बदलाचा भार वापरकर्ता आणि निर्माता यांच्यात कसा विभागला गेला, याचा मागोवा घेणे.

संशोधन पद्धती

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. दोन्ही प्रणालींची प्रसिद्ध आवृत्ती-टिपणे व माहितीपुस्तिका यांतून ज्ञात असलेले बदल कालक्रमाने मांडून त्यांचा परस्परसंबंध तपासण्यात आला आहे.

पार्श्वभूमी : विस्तारक्षम डेटाबेसची कल्पना

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला. तत्पूर्वीच्या डेटाबेस प्रणाली अंक, अक्षरे व दिनांक एवढेच प्रकार ओळखत असत. वापरकर्त्याला स्वतःचे नवे माहितीप्रकार, फंक्शन व क्रियाचिन्हे जोडता यावीत, हा पोस्टग्रेसचा मूलभूत विचार होता. १९९४-९५ मध्ये अँड्र्यू यू व जॉली चेन यांनी त्यास एसक्यूएल भाषेची जोड दिली आणि १९९६ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल हे नाव रूढ झाले.

या प्रणालीत बिंदू, चौकट, बहुभुज हे प्रकार आरंभापासून होते. परंतु ते शाळेतील आलेख-वहीप्रमाणे सपाट प्रतलावरचे होते. पृथ्वीच्या गोलाकाराशी व निर्देशांक पद्धतींशी त्यांचा संबंध नव्हता. अवकाशीय शोध जलद व्हावा यासाठी बर्कली येथेच अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये ‘आर-ट्री’ ही सूचीरचना मांडली होती. पुढे १९९५ मध्ये जोसेफ हेलरस्टीन, जेफ्री नॉटन व आवी फेफर यांनी ‘जिस्ट’ ही अधिक व्यापक सूचीरचना मांडली. पोस्टजीआयएसने जिस्टचाच आधार घेतला. त्यामागील एक कारण उल्लेखनीय आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमधील एक पान साधारणतः ८ किलोबाइटचे असते आणि मोठा बहुभुज त्यात मावत नाही. जिस्टमध्ये संपूर्ण आकृतीऐवजी तिला वेढणारी चौकट तेवढी सूचीत ठेवता येते. तसेच २००१ मधील पोस्टग्रेएसक्यूएल ७.१ या आवृत्तीने पानापेक्षा मोठी नोंद साठविण्याची सोय केली. ही सोय नसती, तर सविस्तर सीमारेषा तक्त्यात ठेवणेच अवघड झाले असते.

उपरोक्त विवेचनावरून एक बाब स्पष्ट होते. विस्तार हा स्वतंत्र घटक नसतो. तो यजमान प्रणालीच्या अंतर्रचनेवर उभा असतो. यजमान बदलला की विस्ताराला बदलावे लागते आणि विस्तार बदलला की त्यावर आधारलेल्या तक्त्यांना त्याची झळ पोहोचते. अद्ययावतीकरणातील बहुतेक अडचणींचे मूळ या दुहेरी अवलंबित्वात आहे.

पहिला कालखंड (२००१ ते २०१०) : वापरकर्त्यावरील भार

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरिया येथील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या संस्थेने मे २००१ मध्ये पोस्टजीआयएसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. डेव्ह ब्लॅस्बी व पॉल रॅम्झी यांचा त्यात प्रमुख वाटा होता. पुढे सांद्रो सांतिल्ली यांनी विकासाची मोठी जबाबदारी उचलली. निर्देशांक रूपांतरासाठी ‘प्रोज’ ही ग्रंथालयप्रणाली आणि भूमितीय गणनेसाठी ‘जिओस’ ही ग्रंथालयप्रणाली जोडण्यात आली. जिओस हे मार्टिन डेव्हिस यांच्या जावा भाषेतील जेटीएस या प्रणालीचे सी++ भाषेतील रूप होय. अशा रीतीने एका विस्तारामागे किमान तीन स्वतंत्र प्रकल्पांची वेळापत्रके उभी राहिली.

या काळात विस्तार जोडणे म्हणजे शेकडो फंक्शनांच्या व्याख्या असलेली एक एसक्यूएल फाइल डेटाबेसवर चालविणे. ही फंक्शने एका विस्ताराची आहेत, याची नोंद डेटाबेसकडे नसे. वापरकर्त्याने लिहिलेले फंक्शन आणि पोस्टजीआयएसचे फंक्शन डेटाबेसच्या दृष्टीने सारखेच होते. परिणामी डेटाबेसची सुरक्षित प्रत घेतली की तिच्यात तक्त्यांबरोबर जुन्या आवृत्तीची सर्व फंक्शनेही उतरत. ती प्रत नव्या आवृत्तीवर चढविताना जुन्या व नव्या व्याख्यांचा संघर्ष होई आणि त्रुटिसंदेशांचा पाऊस पडे. त्यांतील निरुपद्रवी कोणते व खरे कोणते, हे ओळखण्याचे काम वापरकर्त्यावर येई.

माहितीपुस्तिकेने अद्ययावतीकरणाचे दोन प्रकार सांगितले : सौम्य आणि कठोर. साठवणुकीचा आराखडा तोच राहून केवळ फंक्शने बदलली असतील, तर सौम्य अद्ययावतीकरण पुरते. आकृती ज्या द्विमान स्वरूपात तबकडीवर लिहिली जाते ते स्वरूपच बदलले असेल, तर संपूर्ण माहिती बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये पुन्हा भरावी लागते. हे कठोर अद्ययावतीकरण होय. एप्रिल २००५ मधील १.० आवृत्तीत भूमितीसाठी कमी जागा व्यापणारे हलके स्वरूप स्वीकारण्यात आले. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांच्या वापरकर्त्यांना कठोर मार्ग पत्करावा लागला. सूची लहान झाल्या, वेग वाढला. परंतु त्या लाभाची किंमत प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्रपणे, रात्रीच्या वेळी डेटाबेस बंद ठेवून चुकविली.

याच काळात नामकरणाचाही प्रश्न निर्माण झाला. २००६ च्या अखेरीस आलेल्या १.२ आवृत्तीपासून आंतरराष्ट्रीय मानकानुसार फंक्शनांच्या नावाआधी ‘एसटी’ हा उपसर्ग लावण्यास प्रारंभ झाला. ‘डिस्टन्स’ आणि ‘एसटी_डिस्टन्स’ ही दोन्ही नावे काही वर्षे सोबत नांदली. जुने नाव चालते आहे म्हटल्यावर जुने कार्यक्रम कोणी बदलले नाहीत. सवलतीचा काळ सूचना म्हणून वाचला गेला नाही, तो कायमची सोय मानला गेला. ही उसनवारी पुढे एकदम वसूल झाली.

दुसरा कालखंड (२०१० ते २०१२) : २.० आवृत्ती आणि संचित देणे

एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली २.० ही आवृत्ती पोस्टजीआयएसच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण मानावे लागेल. रास्टर प्रतिमा, संस्थितीय रचना व त्रिमितीय आकृत्या यांना तिने स्थान दिले. त्याचबरोबर चार मूलगामी बदल झाले.

पहिला बदल साठवणुकीचा. आकृतीचे द्विमान स्वरूप पुन्हा बदलल्याने कठोर अद्ययावतीकरण अपरिहार्य ठरले. दुसरा बदल नावांचा. उपसर्गविरहित जुनी फंक्शने काढून टाकण्यात आली आणि ‘डिस्टन्स’ वा ‘बफर’ अशा नावांनी चालणारे कार्यक्रम ‘असे फंक्शन अस्तित्वात नाही’ या संदेशासह थांबले. तात्पुरता उपाय म्हणून जुनी नावे परत आणणारी ‘लेगसी’ ही स्वतंत्र फाइल देण्यात आली. नकाशा दाखविणाऱ्या सेवाप्रणालींना लागणारी मोजकी नावे परत आणणारी तिची छोटी आवृत्तीही सोबत होती.

तिसरा बदल नोंदवहीचा. कोणत्या तक्त्यात कोणता भूमितीय स्तंभ आहे, याची नोंद ‘जॉमेट्री_कॉलम्स’ या तक्त्यात हाताने ठेवली जात असे. तक्ता नष्ट केला तरी नोंद शिल्लक राही. तक्ता निर्माण केला तरी नोंद होईलच असे नव्हते. २.० मध्ये हा तक्ता रद्द होऊन त्याच्या जागी डेटाबेसच्या मूळ नोंदींतून आपोआप तयार होणारे दृश्य आले. नोंद आणि वास्तव यांतील तफावत त्यामुळे संपली. परंतु ज्या दृश्यांची वा स्तंभांची भूमिती स्पष्ट प्रकारासह घोषित केलेली नव्हती, ती नव्या यादीत ‘सर्वसाधारण भूमिती, निर्देशांक क्रमांक शून्य’ अशी दिसू लागली आणि नकाशा-प्रणाली ती उघडताना अडू लागल्या. यावरील उपाय म्हणजे दृश्याच्या व्याख्येतच भूमितीचा प्रकार व निर्देशांक क्रमांक स्पष्ट लिहिणे.

चौथा बदल निर्देशांक क्रमांकाचा. अज्ञात निर्देशांक पद्धतीसाठी पूर्वी उणे एक हा क्रमांक वापरला जाई. तो आता शून्य झाला. तसेच क्रमांकाची कमाल मर्यादा ९९९९९९ ठरली. हा बदल लहान दिसतो. मात्र उणे एक शोधणारा जुना प्रश्न नव्या आवृत्तीवर त्रुटी न देता रिकामे उत्तर देई.

कठोर अद्ययावतीकरणासाठी या काळात ‘पोस्टजीआयएस_रिस्टोअर’ ही पर्ल भाषेतील आज्ञावली महत्त्वाची ठरली. नव्या डेटाबेसमध्ये आधी नवा विस्तार जोडावयाचा आणि मग जुन्या सुरक्षित प्रतीतून पोस्टजीआयएसच्या मालकीच्या वस्तू गाळून उरलेल्या वापरकर्त्याच्या वस्तू तेवढ्या पुढे पाठवावयाच्या, असे तिचे कार्य. पूर्वी वापरकर्त्याने डोळ्यांनी करावयाची निवड येथे निर्मात्यांनी आज्ञावलीत बांधून दिली. भाराच्या स्थलांतराची ही पहिली ठळक पायरी होय.

दुसरी पायरी यजमान प्रणालीने उचलली. सप्टेंबर २०११ मधील पोस्टग्रेएसक्यूएल ९.१ मध्ये ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ ही आज्ञा आली. विस्ताराच्या मालकीची फंक्शने, प्रकार व तक्ते कोणते, हे आता डेटाबेसला ठाऊक झाले. सुरक्षित प्रतीत शेकडो व्याख्यांऐवजी विस्तार जोडण्याची एक ओळ उतरू लागली आणि ‘आल्टर एक्स्टेन्शन’ या एका आज्ञेने सौम्य अद्ययावतीकरण होऊ लागले. निर्देशांक पद्धतींच्या तक्त्यात वापरकर्त्याने स्वतः घातलेल्या ओळी मात्र प्रतीत राहाव्यात, अशी वेगळी तरतूद करण्यात आली. जुन्या पद्धतीने जोडलेल्या डेटाबेसांना नव्या व्यवस्थेत आणण्यासाठी ‘फ्रॉम अनपॅकेज्ड’ हा मार्ग देण्यात आला. २०२० मधील पोस्टग्रेएसक्यूएल १३ ने आज्ञेचे ते रूप काढून टाकले. म्हणजेच स्थलांतराच्या दारालाही मुदत होती.

तिसरा कालखंड (२०१३ ते २०२०) : ग्रंथालयाचे नाव आणि सामायिक पूल

२०१० मधील पोस्टग्रेएसक्यूएल ९.० सोबत ‘पीजी_अपग्रेड’ हे साधन आले. माहिती बाहेर न काढता मूळ फाइली तशाच ठेवून यजमानाची प्रमुख आवृत्ती बदलणे त्यामुळे शक्य झाले. मोठ्या डेटाबेससाठी हे वरदान होते. परंतु पोस्टजीआयएस वापरणाऱ्यांना येथे एक ठराविक अडथळा आला : अमुक ग्रंथालय-फाइल सापडत नाही, असा संदेश देऊन साधन थांबे.

त्याचे कारण असे. प्रत्येक फंक्शनाच्या नोंदीत, ते कोणत्या ग्रंथालय-फाइलीत आहे याचा पत्ता लिहिलेला असतो. त्या फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक होता, उदाहरणार्थ ‘पोस्टजीआयएस-२.१’. एकाच यंत्रणेत दोन डेटाबेस दोन भिन्न आवृत्त्यांवर चालावेत, हा त्यामागील सद्हेतू होता. परंतु नव्या यजमानासोबत केवळ २.५ आवृत्ती बसविलेली असेल, तर जुन्या नोंदींतील २.१ चा पत्ता निरर्थक ठरे. अनेकांनी जुन्या नावाचा दुवा नव्या फाइलीकडे वळवून वेळ निभावली. हा उपाय कधी चाले, तर कधी नव्या फाइलीत जुने फंक्शनच नसल्याने अपुरा पडे.

सुरक्षित मार्ग हा सामायिक पुलाचा होता. पोस्टजीआयएसची २.५ ही आवृत्ती पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ आणि १२ या दोन्हींवर चालते. म्हणून ९.६ वर असतानाच विस्तार २.५ पर्यंत आणावा. मग तोच २.५ दोन्हीकडे ठेवून यजमान १२ वर न्यावा. आणि शेवटी नव्या यजमानावर विस्तार ३.० वर न्यावा. एका वेळी एकच घटक बदलणे, हे या क्रमाचे तत्त्व आहे. दोन्ही घटक एकदम बदलल्यास त्रुटी कोणामुळे आली, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

ऑक्टोबर २०१९ मधील ३.० आवृत्तीने या अडचणीच्या मुळाशी हात घातला. ग्रंथालय-फाइलीच्या नावातून दुय्यम क्रमांक वगळून ते केवळ ‘पोस्टजीआयएस-३’ असे करण्यात आले. त्याचबरोबर रास्टर विभाग वेगळा विस्तार झाला. २.५ वरून ३.० वर येताना रास्टरची फंक्शने मुख्य विस्तारातून सुटी होत आणि अनाथ राहत. २.५ पासून उपलब्ध असलेले ‘पोस्टजीआयएस_एक्स्टेन्शन्स_अपग्रेड’ हे फंक्शन दोनदा चालविले की पहिल्या फेरीत मुख्य विस्तार बदले व दुसऱ्या फेरीत रास्टर फंक्शने नव्या विस्तारात बांधली जात. रास्टरची गरज नसेल, तर तो विस्तार त्यानंतर काढून टाकता येई. दुसरी फेरी विसरल्यास डेटाबेस चालू राही. मात्र पुढील अद्ययावतीकरणात सुटी राहिलेली फंक्शने आडवी येत.

निःशब्द बदल : सर्वांत गंभीर अडचण

आतापर्यंत उल्लेखिलेल्या बहुतेक अडचणी त्रुटिसंदेशाने स्वतःची वर्दी देतात. अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक गंभीर अडचणी त्या, ज्या वर्दी देत नाहीत. २०१७ मधील २.४ आवृत्तीपर्यंत भूमितीय स्तंभांवरील ‘बरोबर’ हे चिन्ह दोन आकृत्यांच्या वेढणाऱ्या चौकटी समान आहेत काय, एवढेच पाहत असे. २.४ पासून ते प्रत्यक्ष आकृतींची समानता पाहू लागले. नवा अर्थ निःसंशय अधिक योग्य आहे. परंतु दुबार नोंदी शोधणारा तोच प्रश्न बदलापूर्वी आणि बदलानंतर निराळी संख्या देऊ शकतो, आणि दोन्ही वेळा संगणक शांत असतो.

निर्देशांक रूपांतराचेही तसेच. २०१९ मधील प्रोज ६ ने मजकूर-फाइलींऐवजी स्वतःचा डेटाबेस वापरण्यास प्रारंभ केला. त्यानंतर पोस्टजीआयएस रूपांतर करताना तक्त्यातील जुन्या व्याख्येआधी अधिकृत संस्थेचे नाव व क्रमांक पाहू लागले. स्थानिक गरजेसाठी कोणी अधिकृत क्रमांकाखालील व्याख्या स्वतः बदलली असेल, तर ती दुरुस्ती बाजूला पडण्याची शक्यता निर्माण झाली. महाराष्ट्राच्या संदर्भात हा धोका सहज समजतो. राज्याचा बहुतांश भाग यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, तर ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पूर्वेकडील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा भाग ४४ व्या पट्ट्यात येतो. त्यांचे क्रमांक अनुक्रमे ३२६४३ व ३२६४४ आहेत. संपूर्ण राज्य एका नकाशात बसविण्यासाठी कोणी स्वतंत्र पद्धती रचली आणि ती अधिकृत क्रमांकाच्या नावाखाली ठेवली, तर अद्ययावतीकरणानंतर सीमा सरकलेल्या दिसतील आणि त्याचे कारण सापडण्यास विलंब लागेल. स्वतःच्या पद्धतीला स्वतःचा वेगळा क्रमांक व वेगळे अधिकारनाम देणे, हाच त्यावरील प्रतिबंध आहे.

सुरक्षिततेसाठी केलेले बदलही या गटात मोडतात. २०१४ मध्ये २.१ मालिकेतील एका दुरुस्ती-आवृत्तीने रास्टर प्रतिमा वाचणारे चालक मूलतः बंद केले. बाहेरील फाइली डेटाबेसमार्फत वाचल्या जाण्याचा धोका टाळणे हा त्यामागील हेतू होता. दुरुस्ती-आवृत्ती म्हणजे वर्तनात बदल नाही, या समजुतीने ती बसविणाऱ्यांची प्रतिमाविषयक कामे मात्र चालक पुन्हा सुरू करेपर्यंत थांबली.

अशा बदलांचा शोध घेण्याचा मार्ग एकच दिसतो. अद्ययावतीकरणापूर्वी निवडक तक्त्यांतील नोंदींची संख्या, एकूण क्षेत्रफळ, अवैध आकृत्यांची संख्या व काही ज्ञात बिंदूंचे रूपांतरित निर्देशांक लिहून ठेवावेत आणि नंतर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. ‘पोस्टजीआयएस_फुल_व्हर्जन’ हे फंक्शन विस्तार, जिओस व प्रोज यांच्या आवृत्त्या एकत्र सांगते, तसेच फंक्शने व ग्रंथालय यांच्या आवृत्तीत तफावत असल्यास तीही दर्शविते. बदलाच्या आधी व नंतर त्याचे उत्तर जतन करणे ही दप्तरी शिस्त समजली पाहिजे.

निष्कर्ष

१. पोस्टजीआयएसच्या अद्ययावतीकरणातील अडचणी मुख्यतः वापरकर्त्याच्या अज्ञानातून उद्भवल्या नाहीत. विस्तार, यजमान व सहायक ग्रंथालये यांच्या स्वतंत्र गतींतून त्या उद्भवल्या.

२. २००१ ते २०२० या काळात बदलाचा भार क्रमशः वापरकर्त्याकडून निर्मात्याकडे व यजमान प्रणालीकडे सरकला. पर्ल आज्ञावली, एक्स्टेन्शन व्यवस्था, स्थिर ग्रंथालय-नाव आणि एकाच फंक्शनाने होणारे अद्ययावतीकरण हे त्याचे टप्पे होत.

३. भार सरकला तरी नाहीसा झाला नाही. त्रुटिसंदेश देणाऱ्या अडचणी कमी झाल्या. अर्थ बदलणाऱ्या निःशब्द अडचणी शिल्लक राहिल्या. त्यांची जबाबदारी आजही माहितीच्या धारकावरच आहे.

४. जुने नाव वा जुनी पद्धती चालू ठेवण्याची सवलत ही मुदतीची असते. ती कायमची मानणाऱ्या संस्थांना पुढील मोठ्या आवृत्तीत संचित देणे एकदम फेडावे लागले.

समारोप

एखाद्या संशोधन प्रकल्पात वा कार्यालयात डेटाबेस उभारणारी व्यक्ती काही वर्षांनी बदली होऊन जाते. तक्ते मागे राहतात. त्या तक्त्यांवर कोणत्या आवृत्तीत, कोणत्या निर्देशांक पद्धतीने व कोणत्या स्थानिक दुरुस्त्यांसह काम झाले, याची नोंद नसेल, तर पुढील व्यक्ती आवृत्ती बदलण्यास घाबरते आणि न बदललेली प्रणाली हळूहळू असुरक्षित व एकाकी होत जाते. महाविद्यालयीन विभागांतून भौगोलिक माहिती प्रणालीचे प्रकल्प होत असताना विद्यार्थ्यांना नकाशा तयार करण्याबरोबरच त्याच्या आवृत्तींचे टिपण ठेवण्यासही शिकविले जाणे अगत्याचे आहे. माहिती संकलित करण्यासाठी जेवढे श्रम खर्ची पडतात, त्यांचे मोल ती माहिती पुढील पिढीला अचूक वाचता येण्यावर अवलंबून आहे.